सामायिक खेळांची रचना आणि खेळाडूंचे मत

ग्रंथ छापून झाला किंवा नाटक रंगभूमीवर आले, म्हणजे त्याविषयीच्या मतांना सुरुवात होते. ते मत अनुकूल असो वा प्रतिकूल, कृतीच्या घडणीत त्याला प्रवेश नसतो. फार तर पुढील आवृत्तीत लेखक चार ओळी बदलतो. संगणकाच्या जाळ्यावर हजारो माणसांनी एकाच वेळी खेळावयाच्या खेळांची स्थिती ह्याहून मुळातच निराळी आहे. असा खेळ कधी पुरा होत नाही. तो चालू असतानाच त्याचे नियम बदलत राहतात, आणि त्यातील एका खेळाडूचा अनुभव बव्हंशी इतर खेळाडूंच्या वर्तनानेच घडतो. प्रेक्षकाने रंगमंचावर चढून पात्र व्हावे, आणि खाली उतरून पुन्हा परीक्षणही लिहावे, असा हा प्रकार आहे. त्यामुळे खेळाडूचे मत हे येथे केवळ समीक्षा राहत नाही. ते रचनेच्या साहित्यातच जमा होते. ह्या मताचे मोल किती, ते कोणाचे समजावे, आणि रचनाकाराने ते कोठवर ऐकावे, ह्या प्रश्नांना आता चाळीसांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

मैदानी खेळांत हे प्रश्न इतक्या तीव्रतेने उपस्थित होत नाहीत. गल्लीतील मुले विटीदांडूचे नियम डाव मांडण्यापूर्वी ठरवितात आणि भांडण झाले की बदलतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधण्यासाठी समिती नेमली, तेव्हाही नियम करणारे आणि खेळणारे ह्यांच्यात फारसे अंतर नव्हते. ऑनलाइन खेळात मात्र नियम संगणकाच्या आज्ञावलीत गुंफलेले असतात. पंचाची नजर चुकवून ते मोडता येत नाहीत, आणि सर्वांची संमती असली तरी खेळाडूंना ते परस्पर बदलता येत नाहीत. ज्याच्या हाती आज्ञावली, त्याच्या हाती सृष्टीचे नियम. खेळाडूपाशी उरतात ती दोनच साधने: तक्रार करणे आणि निघून जाणे. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन ह्यांनी १९७० साली ढासळत्या संस्थांच्या विवेचनात ह्याच दोन साधनांची मीमांसा केली होती, आणि निष्ठा हे त्यांत तिसरे अंग जोडले होते. ज्याची निष्ठा अधिक तो लवकर निघून जात नाही, तो बोलत राहतो. सामायिक खेळांतील मतांचा गलबला समजून घेण्यास हे एक सूत्र पुष्कळ उपयोगी पडते. कारण सर्वांत कडवट तक्रारी बहुधा त्याच खेळाडूंकडून येतात, ज्यांनी त्या खेळात सर्वांत अधिक वर्षे घातलेली असतात.

ह्या परंपरेचा आरंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. १९७८ च्या शरद ऋतूत रॉय ट्रबशॉ ह्यांनी ‘मड’ हा केवळ शब्दांत वर्णिलेल्या सृष्टीचा खेळ रचावयास घेतला, आणि १९८० मध्ये रिचर्ड बार्टल ह्यांनी तो पुढे नेला. पुरेसे गुण मिळविणारा खेळाडू तेथे ‘जादूगार’ होई, आणि त्याला इतरांवर काही शासनाधिकार प्राप्त होत. अशा खेळांतील अनुभवी जादूगारांमध्ये १९८९ च्या नोव्हेंबरपासून पुढील मे महिन्यापर्यंत एक प्रदीर्घ वाद चालला. प्रश्न साधा होता: लोकांना ह्या खेळापासून हवे तरी काय असते? बार्टल ह्यांनी त्या वादाचे सार काढले, आणि १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पत्त्यांच्या चार रंगांवरून खेळाडूंचे चार वर्ग कल्पिले. संपत्ती आणि पदे जमविणारे यशार्थी म्हणजे चौकट; सृष्टीचे कानेकोपरे धुंडाळणारे शोधक म्हणजे इस्पिक; माणसांच्या सहवासासाठी येणारे संगतिप्रिय म्हणजे बदाम; आणि दुसऱ्यास पीडा देण्यात ज्यांना रस ते पीडक म्हणजे किलवर. (इस्पिकास इंग्रजीत कुदळीचे नाव आहे आणि किलवरास सोट्याचे, मूळ श्लेष मराठी पत्त्यांत हरवतो.)

हे वर्गीकरण पुढे इतके लोकप्रिय झाले की त्याचा खरा गाभा पुष्कळदा दृष्टीआड होतो. बार्टल ह्यांचा भर वर्गांच्या नावांवर नव्हता. तो त्यांच्या परस्परसंबंधांवर होता. एका वर्गाची संख्या वाढली की दुसऱ्याची घटते. पीडक वाढले तर संगतिप्रिय लोक झपाट्याने निघून जातात. यशार्थी उरले नाहीत तर पीडकांना भक्ष्य उरत नाही. अर्थात एका खेळाडूची आवड हीच दुसऱ्या खेळाडूची परिस्थिती असते. ‘मला हे आवडते’ असे म्हणणारा मनुष्य वस्तुतः ‘इतरांनी माझ्यासाठी अमुक सोसावे’ असेही म्हणत असतो, मग त्याच्या ते ध्यानी असो वा नसो. सामायिक खेळाविषयीचे कोणतेही मत हे ह्या अर्थाने राजकीय मत असते. एकट्याने खेळावयाच्या खेळाविषयी असे म्हणता येणार नाही.

वर्गांविषयीचा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि तो निक यी ह्यांनी आकड्यांच्या आधारे मांडला. सुमारे तीन हजार खेळाडूंच्या उत्तरांचे घटक-विश्लेषण करून २००६ साली त्यांनी दहा उपप्रेरणा आणि त्यांचे तीन गट दाखविले: संपादन, सहवास आणि तल्लीनता. ह्या प्रेरणा परस्परांस वगळणाऱ्या नाहीत, असे त्यांत आढळले. पदासाठी धडपडणारा मनुष्य मैत्रीसाठीही तितकाच आतुर असू शकतो. तेव्हा माणसांचे चार कप्पे पाडण्यापेक्षा एकाच माणसाच्या चार आवाजांविषयी बोलणे अधिक बरोबर. व्यवहारात ह्याचा अर्थ असा की एकच खेळाडू सोमवारी एक मत देईल आणि शनिवारी त्याच्या उलट, आणि दोन्ही वेळा तो प्रामाणिक असेल.

परस्परपीडेचा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो ‘अल्टिमा ऑनलाइन’ ह्या खेळात. टेक्सासमधील ऑस्टिन येथील ओरिजिन सिस्टिम्स ह्या कंपनीने तो सप्टेंबर १९९७ मध्ये खुला केला. राफ कोस्टर हे त्याचे प्रमुख रचनाकार. त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची महत्त्वाकांक्षा एक सजीव जग निर्माण करण्याची होती: लांडगे मेंढ्या खातील, मेंढ्या गवत खातील, आणि मनुष्य ह्या साखळीत एक भागीदार असेल. खेळाडू आत आले आणि त्यांनी दिसेल तो प्राणी मारून टाकला. साखळी बांधली जाण्यापूर्वीच तुटली. अशी काही साखळी आहे, हे बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही. रचनाकाराला जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते तिच्याविषयी खेळाडूंचे मत अनुकूल किंवा प्रतिकूल नसून मुळी नसतेच, हा अनुभव कोणत्याही कलेत क्लेशदायक म्हणावा लागेल.

प्राण्यांनंतर पाळी माणसांची आली. नगराच्या वेशीबाहेर पाऊल टाकताच नवख्या खेळाडूस गाठून ठार मारावे आणि त्याचे सामान लुबाडावे, हा अनेकांचा नित्याचा उद्योग झाला. रचनाकारांची श्रद्धा अशी होती की, समाज आपोआप आपले रक्षण करील. सज्जन संघटित होतील, दुर्जनांवर वचक बसेल. त्यासाठी त्यांनी कीर्ति-अपकीर्तीची गणिते बसविली आणि ती वारंवार बदलली. प्रत्येक नव्या गणितातून वाट काढण्यात पीडक अधिक चतुर ठरले, आणि त्याचा जाच पुष्कळदा सज्जनांनाच झाला. सज्जनाला हा फावल्या वेळचा विरंगुळा होता; पीडकाला तो पूर्ण वेळचा छंद होता. संघटित होण्याची शक्ती दोघांत समान नव्हती, हे त्यातील मर्म.

अखेर २००० साली कंपनीने सृष्टीची प्रतिकृती काढली. मूळ भूमीस ‘फेलुका’ आणि नव्या भूमीस ‘ट्रॅमेल’ असे नाव दिले. ट्रॅमेलमध्ये संमतीवाचून कोणासही मारता येत नसे. लोकसंख्येचा बराच मोठा भाग ताबडतोब तिकडे गेला, आणि पुढील काही वर्षांत वर्गणीदारांची संख्या वाढून सुमारे अडीच लाखांपर्यंत पोहोचली. हिशेबाच्या वहीपुरता निकाल स्पष्ट होता. तरीही ट्रॅमेल हे नाव आजतागायत जुन्या खेळाडूंच्या एका मोठ्या वर्गात अपशब्दासारखे उच्चारले जाते. भयाबरोबर शौर्य गेले, चोरांबरोबर चौकीदारांची गरज गेली, आणि शेजाऱ्याच्या ओळखीचे मोलही गेले, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे हे मत केवळ दरोडेखोरांचे मत म्हणून बाजूस सारता येत नाही. कारण ते मांडणाऱ्यांत ज्यांनी स्वतः मार खाल्ला असे लोकही आहेत. परंतु ज्यांना तो मार सहन झाला नाही ते पहिल्याच आठवड्यात वर्गणी थांबवून गेले, आणि त्यांचे मत कोणत्याही वादात नोंदलेले नाही. उरलेल्यांची मते गोळा करून सर्वांचे मत काढण्यातील हा दोष समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही; सामायिक खेळांच्या बाबतीत तो इतक्या ठळकपणे दिसतो की त्यांकडे ह्या दोषाची प्रयोगशाळा म्हणूनच पाहावे.

तक्रार आणि उपाय ह्यांतील भेद येथेच सांगून टाकणे सोयीचे. खेळाडू कोठे दुखते हे अचूक सांगतो. औषध कोणते हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या खेळाच्या चाचणीच्या काळात घडलेली एक हकीकत त्याचे प्रमुख रचनाकार रॉब पार्डो ह्यांनी सांगितली आहे. माणसांनी तासन्‌तास खेळत बसू नये म्हणून काही काळाने अनुभवगुणांची प्राप्ती निम्म्यावर यावी अशी योजना होती. खेळाडूंचा तिला तीव्र विरोध झाला. तेव्हा रचनाकारांनी सर्व मोजमाप दुप्पट केले. जे पूर्वी ‘पूर्ण’ होते त्यास ‘विश्रांतीमुळे दुप्पट’ म्हटले, आणि जे ‘निम्मे’ होते त्यास ‘नेहमीचे’ म्हटले. आकड्यांचे प्रमाण तेच राहिले; विरोध मावळला. २००४ च्या नोव्हेंबरात खेळ खुला झाला तेव्हा ही योजना त्याच्या लोकप्रिय वैशिष्ट्यांत गणली गेली. ह्यावरून खेळाडू भोळे असतात असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. दंड आणि बक्षीस ह्यांत हिशेबाने फरक नसला तरी मानाचा फरक असतो, आणि खेळात मान हीच मुख्य कमाई. खेळाडूंनी नोंदविलेले दुःख खरे होते. फक्त ते गणिताविषयी नव्हते.

बोलणे आणि करणे ह्यांतील अंतराचा युक्तिवाद चालकवर्गाला फार सोयीचा असतो, आणि तो कोठे फसतो हे आइसलँडमधील ‘ईव्ह ऑनलाइन’ ह्या खेळाच्या इतिहासात पाहावयास मिळते. रेकयाविक येथील सीसीपी ह्या कंपनीने २००३ च्या मे महिन्यात तो सुरू केला. अंतराळातील व्यापार, युद्ध आणि फितुरी ह्यांचा हा खेळ एकाच अखंड सृष्टीत चालतो. २००७ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने आपल्या गटास दुर्मीळ आराखडे मिळवून दिल्याचे उघड झाले आणि खेळाडूंचा विश्वास उडाला. त्यावर उपाय म्हणून २००८ मध्ये खेळाडूंनी मतदानाने निवडलेले एक प्रतिनिधिमंडळ अस्तित्वात आले. हे प्रतिनिधी आइसलँडला जाऊन रचनाकारांशी समोरासमोर चर्चा करतात. त्यांना निर्णयाचा अधिकार नाही, सल्ल्याचा आहे.

जून २०११ मध्ये ह्या खेळात नवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर खऱ्या पैशांनी शोभेच्या वस्तू विकणारे दुकान आले. त्यात एका डोळ्यावर लावावयाच्या चष्म्याची किंमत साठ डॉलरांहून अधिक होती. तोच कंपनीचे एक अंतर्गत वार्तापत्र बाहेर फुटले. पैसे घेऊन केवळ शोभेच्याच नव्हे तर सामर्थ्याच्या वस्तूही विकाव्यात काय, ह्याची मोकळी चर्चा त्यात होती. खेळातील सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठेत शेकडो जहाजे जमली आणि तेथील स्मारकावर तोफा डागू लागली. स्मारक मोडणारे नव्हते, हे डागणाऱ्यांना ठाऊक होते. सत्याग्रहाशी ह्या कृतीचे नाते जोडणे अतिशयोक्तीचे होईल, पण प्रतीकाचे सामर्थ्य ओळखण्यात ते कमी पडले नाहीत. ह्याच सुमारास कंपनीच्या प्रमुखांचे एक पत्रही फुटले. खेळाडू काय म्हणतात ह्यापेक्षा ते काय करतात ह्याकडे लक्ष द्यावे, असा त्याचा आशय. सिद्धांत म्हणून हे विधान मानसशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकास मान्य व्हावे. परंतु खेळाडूंनी जे म्हटले तेच केले: हजारोंनी वर्गण्या बंद केल्या. कंपनीने प्रतिनिधिमंडळास तातडीने आइसलँडला बोलाविले. ऑक्टोबरात प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली. सुमारे वीस टक्के कर्मचाऱ्यांना काढून टाकावे लागले. आणि वर्षअखेरची आवृत्ती पुन्हा जहाजांच्या जुन्या विषयाकडे वळली. नोकऱ्या गेल्या त्या कर्मचाऱ्यांपैकी कितीजणांचा त्या दुकानाच्या निर्णयाशी संबंध होता, हा प्रश्न त्या वर्षीच्या विजयोत्सवात फारसा कोणी विचारला नाही.

ह्याच्या अगदी उलट टोकाची चूक म्हणजे असलेल्या खेळाडूंपेक्षा नसलेल्या खेळाडूंचे मत अधिक मानणे. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ ह्या खेळात तीसांहून अधिक व्यवसाय होते. त्यात नर्तक होते, शिंपी होते, घरे बांधणारे होते. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने ते सारे मोडून नऊ ठळक भूमिका केल्या. चित्रपट पाहून येणाऱ्या नव्या माणसास सोपे वाटावे, हा हेतू. जुने गेले, नव्यांचा अपेक्षित लोंढा आला नाही, २०११ च्या डिसेंबरात खेळ बंद पडला. बार्टल ह्यांनी ह्या घटनेच्या एक वर्ष आधीच, २००४ मध्ये, एक कडवट निबंध लिहून असा इशारा दिला होता की, सामायिक सृष्टींची रचना अखेर नवखेच करतात. कारण खेळाला सतत नवखे लागतात. नवखा आपल्या पहिल्या खेळात जे होते तेच योग्य मानतो. आणि तात्काळ सोयीचे पण कालांतराने घातक असे नियम तो मागतो. ह्या तर्कात उमरावी ताठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्या खेळाची छाप पुढील सर्व मतांवर राहते, हे त्यातील निरीक्षण पडताळून पाहण्याजोगे आहे. महाराष्ट्रातील ज्या पिढीचा पहिला सामायिक खेळ मोबाइलवरील ‘पबजी’ होता, ती अर्ध्या तासात संपणारा डाव हेच ऑनलाइन खेळाचे स्वाभाविक रूप समजते. वर्षानुवर्षे टिकणारी सृष्टी तिला चमत्कारिक वाटते. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने तो खेळ बंद केला, आणि २०२१ मध्ये तो निराळ्या नावाने परतला. ह्या दोन्ही प्रसंगी खेळाडूंच्या मताचा प्रश्नच उद्‌भवला नाही.

खेळाडूंच्या मतास प्रत्यक्ष मतपेटीचे रूप देण्याचा सर्वांत दीर्घ प्रयोग केंब्रिज येथील जॅजेक्स ह्या कंपनीच्या ‘रूनस्केप’मध्ये चालला आहे. २००१ पासून चालू असलेल्या ह्या खेळात सोन्याच्या नाण्यांचा खऱ्या पैशांत काळाबाजार माजला. तो मोडण्यासाठी कंपनीने २००७ च्या डिसेंबरात ओसाड प्रदेशातील मुक्त लढाई आणि पुढील महिन्यात मुक्त देवघेव बंद केली. मित्राला भेट देणेही ह्या नियमाने दुष्कर झाले. तीन वर्षांनी कंपनीने कौल घेतला. बारा लाखांहून अधिक मते पडली, त्यांतील ९१ टक्के जुनी स्थिती परत आणण्याच्या बाजूची. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ती परत आली. पुढे २०१२ साली युद्धाची पद्धत आमूलाग्र बदलल्यावर असंतोष पुन्हा उसळला, तेव्हा २०१३ च्या फेब्रुवारीत ऑगस्ट २००७ मधील जपून राहिलेल्या प्रतीवरून जुना खेळ स्वतंत्रपणे सुरू करावा काय, असा कौल घेण्यात आला. सुमारे साडेचार लाख मते मिळाली आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ जन्मास आला.

ह्या जुन्या खेळात नियम असा ठरला की, कोणतीही महत्त्वाची भर ७५ टक्के मते अनुकूल पडल्याशिवाय घालावयाची नाही. घटनेत दुरुस्ती करण्यास संसदेला लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमताहूनही ही अट कडक. तिचे फळ अपेक्षेप्रमाणे मिळाले: नवे कौशल्य समाविष्ट करण्याचे प्रस्ताव २०१४, २०१५ आणि २०१९ मध्ये आले आणि तिन्ही वेळा पडले. मतदार बहुमताने अनुकूल असूनही मर्यादा गाठली गेली नाही. एक-चतुर्थांशाहून थोड्या अधिक लोकांना नकाराधिकार देणारी ही रचना जतन करण्यासाठी उत्तम, वाढण्यासाठी कठीण. त्यातून आणखी एक विकार निर्माण झाला. युद्धप्रिय अल्पसंख्यांच्या उपयोगाचे प्रस्ताव शांतताप्रिय बहुसंख्य केवळ आकसाने पाडू लागले, अशी तक्रार वाढली. आणि कंपनीने अशा काही बाबी, तसेच खेळाच्या समतोलास बाधा आणणाऱ्या दोषांची दुरुस्ती, मतदानाच्या कक्षेबाहेर काढली. मर्यादाही पुढे ७० टक्क्यांवर आली. २०१५ मध्ये फेटाळलेल्या नौकानयनाच्या कल्पनेस नव्या रूपात २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती खेळात दाखल झाली. ह्या दिरंगाईस दोष देणारे पुष्कळ आहेत. परंतु मूळ नव्या खेळापेक्षा हा जुना, मतपेटीने जखडलेला खेळच अधिक लोक खेळू लागले, ह्या वस्तुस्थितीचेही स्पष्टीकरण त्यांनी द्यावयास हवे. आपल्या संमतीवाचून आपले घर मोडले जाणार नाही ही शाश्वती, हेच कदाचित त्यांना हवे असलेले वैशिष्ट्य असावे.

जुने परत मागणाऱ्यांना खरोखर काय हवे असते, हा प्रश्न मात्र मतपेटीने सुटत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे जुने रूप परत द्यावे अशी मागणी २०१३ मध्ये एका जाहीर सभेत झाली, तेव्हा तुम्हांला ते हवे आहे असे तुम्हांस वाटते, पण तसे ते नाही, अशा आशयाचे उत्तर व्यासपीठावरून मिळाले. २०१६ मध्ये खेळाडूंनी परभारे चालविलेली एक जुनी सृष्टी कंपनीने बंद पाडली. त्यावर दोन लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन गेले. आणि २०१९ च्या ऑगस्टात कंपनीनेच जुना खेळ अधिकृतपणे खुला केला. प्रचंड गर्दी झाली. तेव्हा व्यासपीठावरील उत्तर चुकीचे ठरले असे म्हणावयास हरकत नाही. पण पुढे काय झाले? रॅग्नरॉस नावाचा अग्निदैत्य मारावयास २००५ मध्ये पहिल्या तुकडीस सुमारे पाच महिने लागले होते. २०१९ मध्ये तो आठवड्याच्या आत मारला गेला. आज्ञावली जुनी होती, खेळाडू जुने राहिले नव्हते. पंधरा वर्षांत साचलेले ज्ञान, मांडलेली कोष्टके आणि ठरून गेलेले मार्ग घेऊन ते आत शिरले. अज्ञान ही मूळ खेळाच्या रचनेची एक अलिखित बाजू होती, आणि ती कोणत्याही जपून ठेवलेल्या प्रतीत सापडत नाही.

मत ऐकण्यापलीकडे जाऊन सत्ताच सोपवून देण्याचा प्रयत्न एकदा झाला आहे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात पॅव्हेल कर्टिस ह्यांनी १९९० मध्ये ‘लॅम्डामू’ ही शब्दसृष्टी उभारली. तीत खेळाडू स्वतःच खोल्या, वस्तू आणि नियमांचे तुकडे रचीत. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस ह्यांनी जाहीर केले की, ह्यापुढे जादूगार केवळ तंत्रज्ञ राहतील. सामाजिक तंट्यांत ते पडणार नाहीत. काही महिन्यांतच एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली. सभा भरली, निर्णय झाला नाही, आणि अखेर एका जादूगाराने एकट्याच्या जबाबदारीवर त्या पात्राचे अस्तित्व पुसून टाकले. ज्युलियन डिबेल ह्यांच्या १९९३ मधील लेखामुळे हे प्रकरण जगभर पोहोचले. कर्टिस ह्यांनी मग अर्ज आणि मतदान ह्यांची यंत्रणा बसविली. ती साडेतीन वर्षांच्या आत थकली. १९९६ च्या मे महिन्यात जादूगारांनी पुन्हा घोषणा केली की, तांत्रिक आणि सामाजिक निर्णय वेगळे काढता येत नाहीत, आणि ते वेगळे असल्याचा आव ह्यापुढे आणला जाणार नाही. यंत्राची किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याने राजत्याग केला तरी तो राजाच राहतो, ही अडचण त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केली. पुढे आलेल्या व्यापारी कंपन्यांनी ती क्वचितच इतक्या स्पष्ट शब्दांत मांडली आहे.

कोस्टर ह्यांनी २००० साली फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्याच्या धर्तीवर खेळाडूंच्या हक्कांचा एक मसुदा लिहिला, तो ह्याच पार्श्वभूमीवर. चालकांना तो दाखविला तेव्हा हक्क म्हणून त्यांनी त्यास पुष्कळ आक्षेप घेतले. तोच मजकूर चांगल्या व्यवस्थापनासाठी सल्ला म्हणून मांडल्यावर त्यांतील बराचसा त्यांना पटला. हक्क आणि सल्ला ह्यांतील हे अंतर अद्याप मिटलेले नाही. खेळाडू ज्या करारावर सही करून आत येतो त्यानुसार त्याने मिळविलेले घर, जहाज वा तलवार ह्यांपैकी काहीही सामान्यतः त्याच्या मालकीचे नसते, आणि सृष्टी केव्हा मालवावी हे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर असते.

मार्च २०२४ अखेर युबीसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ ह्या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळावयाचा भागही सर्व्हरवर अवलंबून असल्यामुळे विकत घेतलेला खेळ त्या दिवसापासून निरुपयोगी झाला. त्यातून निघालेल्या युरोपीय नागरिकांच्या निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. खेळाची रचना कशी असावी ह्याविषयी त्यात एकही सूचना नाही. विकलेला खेळ बंद करावयाचा असल्यास, कंपनीच्या मदतीवाचून तो खेळता येईल अशा अवस्थेत ठेवूनच बंद करावा, एवढीच त्यातील मागणी आहे.